दिनूची टाकी आणि माझं नाक

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी माशाचा वास घेत होते. मुळशीला आमच्या घरामागून धरणाचं पाणी दिसतं, आणि पाण्यावरून येणारा मासेवाला आधी आमच्याच ओट्यावर टोपली टेकतो. मासा ताजा की शिळा हे मला डोळ्यांनी कळत नाही. कल्ला उचलून नाक जवळ नेलं की कळतं, आणि त्यात मी आजवर चुकलेले नाही. फोन सुनंदाचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा. "आक्का, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि एका पुरुषी आवाजाने मला कळवलं की दिनकररावांचं झोपेतच अतिशय दुःखद निधन झालेलं आहे. माझ्या भावाचं मरण मला कुणीतरी फ्लेक्सवरच्या भाषेत सांगत होतं. मला त्या आवाजाची किळस आली, आणि त्या सकाळी आलेली ती किळस अजून पुरती गेलेली नाही. अशा लेखात गेलेल्याबद्दल चांगलं लिहावं आणि राहिलेल्यांबद्दल गप्प बसावं असं म्हणतात. दिनूबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. राहिलेल्यांचं बघते.

आमचं माहेर भूगावचं. जिथे वडिलांची भातखाचरं होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत पहिल्या मजल्यावर दिनूचा फ्लॅट. खाली रस्त्याला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळो, नाहीतर बंगल्यातला पंप, दिनू ती उघडून जुनी तार काढायचा, नवी भरायचा आणि वर वार्निश ओतायचा. त्या वार्निशचा वास त्याच्या अंगात इतका मुरला होता की मी त्याला साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप देत नसे. मी आधीपासूनच अशी आहे. घरात मला सोवळी म्हणून चिडवायचे, पण दूध नासलंय का, आमटी उतरलीय का, हे बघायला सगळे माझ्याकडेच भांडं आणायचे. दिनूला तर लहानपणी हा खेळच सापडला होता. कधी पिकलेला फणस, कधी ओला मोजा, एकदा तर मेलेली पाल... काहीही माझ्या नाकापाशी आणून म्हणायचा, "आक्के, वास घे." मी ओरडायची आणि तो खाचराच्या बांधावरून पळत सुटायचा.

टाकीचं वेड त्याला उशिरा लागलं. भूगावातल्याच एका बंगल्यात तो पंप दुरुस्त करायला गेला होता. तिथे भिंतीएवढ्या काचेत समुद्र भरलेला. दिनू पंप विसरून बघत बसला. त्या बंगल्यातल्या माणसाने जाताना त्याला एका भूछत्रासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा तुकडा ब्लेडने कापून पिशवीत घालून दिला. कापल्यावर मरत नाही का, तर नाही म्हणे, एकाचे दोन होतात. दिनू ती पिशवी छातीशी धरून घरी आला. मग तीन फुटी टाकी आली, खास मीठ आलं, पाणी गाळायचं मशीन आलं, निळा दिवा आला. "मऊ पोवळं हाय हे, आक्के. जित्तं," तो मला म्हणाला. आमची चुलती, गजराकाकू, तेव्हा तिथेच बसली होती. पोवळं म्हटल्यावर तिचे कान टवकारले. "कडक झालं की मला एक दे. मंगळ लई वाकडा हाय नातवाचा," ती म्हणाली. ते अंगठीत बसणारं पोवळं नव्हे, हे कधीच कडक होत नाही, असं दिनू तिला समजावत राहिला. अंगठीत बसत नाही म्हटल्यावर काकूच्या लेखी ते पोवळंही नव्हतं आणि काहीच नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही ती टाकी सहन होत नसे. मासे दोनच होते, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, ते बरे दिसायचे. पण बाकीचं सगळं गिळगिळीत. दगडांवर चिकटलेली बोटं, बुळबुळीत बटणं, एक तर लहान बाळाच्या मुठीसारखं सारखं उघडझाप करणारं. मधोमध ते भूछत्र, हाताच्या पंजापेक्षा मोठं झालेलं, चामड्यासारखं, त्याच्या डोक्यावर हलणारे केसासारखे कोंब. दिनू कोपरापर्यंत हात घालून त्यात काहीबाही करायचा. हात घालण्याआधी साबण चालत नाही म्हणून नुसत्या गरम पाण्याने खसाखसा धुवायचा आणि शेजारी खिळ्याला लावलेल्या टॉवेलला पुसायचा. हात बाहेर काढला की पुन्हा त्याच टॉवेलला. तो टॉवेल मिठाने पापडासारखा कडक झालेला असे. मी गेले की आधी त्या टॉवेलवरून बोलायची. "धू की एकदा." "पुन्हा तसाच व्हतोय, आक्के." हे आमचं ठरलेलं भांडण.

दिनू-सुनंदाला मूल झालं नाही. भाऊकीत याचा उल्लेख कुणी सरळ करत नसे, टाकीवरून करत असे. "बरंय, तेवढाच विरंगुळा," असं म्हणून बायका सुनंदाकडे बघायच्या. कणव आणि मजा दोन्ही एकाच नजरेत घेऊन बघणाऱ्या माणसांइतकं ओंगळ मी काही पाहिलेलं नाही. सुनंदा शहरातली, पुण्यात वाढलेली, उलटून बोलायची नाही. टाकीचं पाणी बदलायचं असलं की ती मीठ मोजून कालवून द्यायची आणि दिनू ते हळूहळू सोडायचा. दोघं त्यावेळी बोलत नसत. मला ते बघायला आवडायचं, टाकी आवडत नसली तरी.

एका उन्हाळ्यात वळवाच्या आधी वादळ झालं. भूगावात विजेचे खांब आडवे झाले आणि वीज गेली ती लवकर आलीच नाही. दिनूने बॅटरीवर हवेचा पंप चालवला, मग बॅटरीही संपली. फोन लागेना म्हणून मी बसने तिथे गेले, तर घरात अंधार, उकाडा आणि असा वास, की मी पदर नाकाला लावूनच आत शिरले. तेव्हाचे मासे मेले होते. पोवळी सगळी आवळून, काळवंडून बसली होती, अंगातून शेंबडासारखं काहीतरी सोडत. मी म्हटलं, "टाकून दे रे ही घाण." दिनूने एक दगड बाहेर काढला, त्याला चिकटलेल्या गोळ्यासकट माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आक्के, वास घे." मला वाटलं, या वयातही चेष्टा करतोय. पण तो हसत नव्हता. "माझ्या नाकाचं वार्निशनं वाटोळं झालंय. मला कायबी येत न्हाई. मेलं आसंल तर कुजक्या अंड्यागत वास येतो म्हनत्यात. ते काढावं लागंल, न्हाईतर बाकीच्यास्नी मारंल. जित्तं आसंल तर ऱ्हाऊ दे. सांग."

मी सांगितलं. दुसरं काय करणार. एकेक दगड तो धरत गेला आणि मी उलटी दाबत वास घेत गेले. काहींचा वास खरंच कुजलेल्या अंड्याचा होता, ते बादलीत गेले. भूछत्राचा वेगळा होता. वाईटच, पण कुजका नाही. उग्र, कडवट, जुन्या औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. "हे मेलेलं नाही," मी म्हटलं. दिनूने ते पुन्हा जागेवर ठेवलं. "मेलं न्हाई, रुसलंय," तो म्हणाला. "आता ह्याला हात लावायचा न्हाई. पानी थोडं थोडं बदलायचं आन गप बसायचं." पुढे मी गेले तेव्हा त्या भूछत्रावर दुधावरच्या शिळ्या सायीसारखी कात धरली होती, आणि त्यानंतर गेले तेव्हा कात निघून गेली होती, आतून कोंब आले होते. त्या उघडझाप करणाऱ्याचं तर सगळं विरघळलं होतं, पण दगडाच्या मागच्या अंगाला नखाएवढा तुकडा राहिला होता आणि त्यापासून सगळं पुन्हा आलं. मी मुद्दाम विचारलं, "म्हणजे मऊ असतं तेच टिकतं, असं काही आहे का रे?" दिनूने माझ्याकडे बघितलं. "मानसांचं मला काय ठावं. मी ह्या टाकीपुरतं सांगतोय," तो म्हणाला आणि हात पुसायला टॉवेलकडे वळला.

तो गेला त्या दिवशी मी पिरंगुटच्या गर्दीत अडकत अडकत भूगावला पोहोचले. माझ्यासाठी थांबले होते. दिनूचं तोंड बघितलं... ते मी इथे लिहिणार नाही. माणसं त्याला घेऊन गेली आणि मी सुनंदाला आतल्या खोलीत घेऊन बसले. बाहेर बायका घर धुवायला लागल्या. पाण्याचा, बादल्यांचा आवाज येत होता. मयत नेल्यावर घर धुतात, त्यात नवल नव्हतं. घरात भरून ठेवलेलं पाणीही ओतून देतात, तीही रीत. माठ रिकामा केला, हंडे रिकामे केले, फिल्टरचं पाणी सोडलं. आणि मग गजराकाकूची नजर टाकीवर गेली. तीन फूट लांब टाकीत साठवलेलं पाणी, आणि मयत त्याच घरात. काकूने पदर खोचला. न्हाणीघरात रांग होती म्हणून बादल्या गॅलरीतून खाली सोसायटीच्या हिरवळीवर ओतल्या. आम्ही बाहेर आलो तोवर निम्म्याच्या वर टाकी उपसून झाली होती आणि एक बाई नळी लावून त्यात बोअरचं पाणी भरत होती. त्या बाईच्या तोंडावर चांगलं काम केल्याचा घाम होता. सुनंदा नळापाशी गेली, नळ बंद केला, आणि ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. मासे एका कोपऱ्यात आडवे पडून तोंड उघडत होते, मग तेही थांबलं.

"मयताच्या घरात साठवनीचं पानी ठिवत न्हाईत," काकू मला म्हणाली. "त्यात चुकलं काय?"

"काकू, ते पाणी नव्हतं. त्यात जीव होते."

"मग ते बी सुतकातच की," ती म्हणाली आणि बादली उचलून घेऊन गेली.

संध्याकाळी सुनंदाने मीठ काढलं. नवरा सकाळी गेलेला, आणि ही बाई प्लॅस्टिकच्या पिंपात मीठ ढवळत होती. भाऊकीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, एकीने हळूच फोटोसुद्धा काढला. सुनंदा थोडं मिठाचं पाणी सोडायची, थांबायची, पुन्हा थोडं सोडायची. एकदम सोडलं तर उरलंय तेही जाईल, दिनूने तिला शिकवलं होतं. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि दाराकडे पाठ केली.

दशक्रियेचं तर विचारूच नका. आमच्याकडे आता दहाव्याला माइक लागतो. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, आणि ज्याला मेलेला माणूस माहीत नाही तो श्रद्धांजलीला पहिला. पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी आले, गाडीतून उतरताना त्यांनी शेजाऱ्याला नाव विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि तरीही माइकवर गेल्यावर ते म्हणाले, "आपले दिलीपराव." दिलीपरावांनी जशा जळालेल्या मोटारी पुन्हा चालू केल्या तसा आपल्याला भागाचा विकास पुन्हा चालू करायचा आहे, असंही म्हणाले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला. पलीकडे पिंड ठेवले होते, कावळा लगेच शिवला. गजराकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बगा, कशातबी जीव अडकला न्हवता त्याचा. त्या टाकीतबी न्हाई. आता तेराव्याच्या आत ती घान घराभाईर काढा."

त्याच दुपारी सोसायटीचे चेअरमन भेटायला आले. हात जोडून बसले, दिनकरराव फारच मनमिळाऊ होते म्हणाले, चहा घेतला. उठता उठता म्हणाले, "वहिनी, आता ही वेळ नाही, पण ते खाली लॉन जळालंय. खारं पाणी टाकलं वाटतं कुणी. मेंबर विचारतायत." सुनंदाने "बघते" म्हटलं. मी जे म्हटलं असतं ते लिहिण्यासारखं नाही. खाली खरंच मोठा पिवळा डाग पडला होता. दिनूचा समुद्र तिथे जिरला होता.

आणि वास येत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी तर दारातूनच येत होता. टाकीतलं पाणी गढूळ झालेलं, बटणं गळून पडलेली, उघडझाप करणाऱ्याचा नुसता चिकट लगदा. भूछत्र खाली बसलं होतं, राखाडी, आक्रसलेलं, वर तीच साय. गजराकाकू हातात बादली घेऊनच आली होती. "उद्या सुतक फिटायचं हाय. आसल्या वासात गोडाचं जेवन करायचं व्हय?" ती म्हणाली. सुनंदा टाकीपुढे उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने कुणाची वाट अडवलेली मी पाहिली. पण बोलली ती माझ्याशी. "आक्का, तुम्ही वास घ्या. तुम्ही मेलं म्हणालात तर मी स्वतः ओतून देईन. ह्यांचा तुमच्यावरच विश्वास होता."

मला मनातून काय वाटत होतं तेही सांगते. ते मेलेलं असावं असं वाटत होतं. म्हणजे टाकी जाईल, वास जाईल, सुनंदा रोज त्या काचेसमोर बसायची थांबेल. मी बाही वर केली आणि त्या पाण्यात हात घातला. थंड, बुळबुळीत, बोटांना तार लागणारं. दगड बाहेर काढून नाकाशी नेला, तर कुजका वास. काकू म्हणाली, "झालं समाधान?" पण नाकाला काहीतरी खटकत होतं. कुजकं होतं ते वरवरचं होतं. दुधावरची साय नासते आणि खालचं दूध चांगलं निघतं, तसं कधीकधी असतं. मी अंगठ्याने ती साय पुसली. ती नखात अडकली, आणि मी पुन्हा नाक नेलं. खाली उग्र, कडवट, औषधाच्या बुचासारखा वास होता.

"मेलेलं नाही," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" काकू म्हणाली.

"काकू, तुमच्या घरचं दूध नासलंय का नाही ते सांगायला तुमी मलाच बोलवत होता न्हवं? तवा कळत होतं मला."

काकू बादली आपटून गेली. "बसा मग घान हुंगत," असं जिन्यावरून ऐकू आलं. तेराव्याला मात्र ती वेळेवर आली आणि पोटभर जेवली. सुनंदाने आणि मी मेलेलं सगळं वेचून काढलं, भूछत्र जागेवर ठेवलं, आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही.

परवा मी भूगावला गेले. हिरवळीवरचा डाग तसाच आहे, त्यावर सोसायटीने कुंडी ठेवून बघितलीय. टाकीत मासे नाहीत. भूछत्राची कात निघून गेलीय. ते एका बाजूला कललंय, पूर्वीसारखं उरलेलं नाही, पण त्या कललेल्या डोक्यावर तांदळाच्या कणीएवढे कोंब आलेत आणि पाण्याबरोबर हलतात. दगडाच्या मागे हात घालून सुनंदाने मला एक नखाएवढं काहीतरी दाखवलं, उघडझाप करणारं. मला ते अजूनही ओंगळच दिसलं. मी तिला तसं सांगितलं आणि ती हसली. तिला हसताना मी दिनू गेल्यापासून बघितलं नव्हतं.

ती चहा टाकायला आत गेली तेव्हा मला खिळ्यावरचा टॉवेल दिसला. तसाच, कडक, कोपरे वाकडे झालेले. इतके दिवस कुणी हात लावला नव्हता. आता तरी हा धुवायला हवा असं म्हणून मी तो काढला, बादलीत भिजत घालायला न्हाणीघरापर्यंत नेला, आणि सवयीने नाकाशी धरला. मीठ होतं. वार्निश होतं, साबणाशिवाय धुतलेल्या हातांचं. त्याच्याखाली खाचराच्या बांधावरून पळणाऱ्या पोराच्या अंगाला यायचा तो घामाचा वास होता. मी पुन्हा पुन्हा वास घेतला. कुजकं कुठेच काही नव्हतं. तिथे न्हाणीघरात नळाला धरून मी रडले, दिनू गेल्यापासून पहिल्यांदा.

सुनंदा दारात येऊन उभी राहिली. "धुवायचाय का तो, आक्का?"

"नको," मी म्हटलं, "अजून चांगला आहे," आणि टॉवेल परत खिळ्याला लावला.